पदरमोडीची पुस्तके आणि त्यांचे मुंबईकर वाचक

एकोणिसाव्या शतकात मराठी पुस्तक छापायचे तर लेखकापुढे मार्ग मोजकेच असत. पेशव्यांच्या काळापासून चालत आलेल्या दक्षिणेच्या पैशातून इंग्रज सरकारने ग्रंथांना बक्षिसे द्यायला सुरुवात केली होती. त्या दक्षिणा प्राइझ कमिटीकडे हस्तलिखित धाडता येई. एखादा संस्थानिक किंवा शेठ गाठता येई. छपाईआधी वर्गणीदार जमवून त्यांची नावे पुस्तकात छापण्याची रीतही रूढ होती. यांपैकी काहीच जमले नाही, तर उरे ती पदरमोड. जोतीराव फुले यांनी पहिला मार्ग एकदा चोखाळून पाहिला. १८५५ मध्ये ‘तृतीय रत्न’ हे नाटक त्यांनी कमिटीकडे दिले. कमिटीतील ब्राह्मण सभासदांच्या आग्रहामुळे ते नाकारले गेले, अशी नोंद त्यांनीच पुढे ‘गुलामगिरी’त करून ठेवली आहे. नाटक छापून यायला शतकाहून अधिक काळ गेला. त्यानंतरची आपली पुस्तके मात्र फुल्यांनी कमिटीच्या दारात नेली नाहीत. ती स्वतःच्या हिमतीवर काढली.

ही हिंमत नुसती मनाची नव्हती, तिला धंद्याचे पाठबळ होते. फुले कंत्राटदार होते. पुण्याच्या परिसरात पूल, कालवे, इमारती यांच्या कामांसाठी माल पुरवणे, धातू ओतण्याच्या साहित्याची एजन्सी चालवणे असे उद्योग ते करत. शाळांवर आणि पुस्तकांवर झालेला खर्च यातूनच निघे. फुल्यांचा हा व्यवहारी चेहरा चरित्रांत बहुधा ओझरता येतो. पण कोणाचा पगार नाही, कोणाचे बक्षीस नाही, म्हणून कोणाची भीड नाही, हा त्यांच्या गद्यातला ताठरपणा समजून घ्यायचा तर या जमाखर्चाकडे पाहावे लागते. १८६९ मध्ये शिवाजी महाराजांवरचा पवाडा आणि ‘ब्राह्मणांचे कसब’ ही पुस्तके निघाली. पवाडा त्यांनी परमहंस सभेचे अध्यक्ष रामचंद्र बाळकृष्ण राणे यांना अर्पण केला. म्हणजे मुंबईतील सुधारक मंडळी तेव्हापासूनच त्यांच्या नजरेसमोर होती. १ जून १८७३ रोजी ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध झाले, आणि त्याच वर्षी २४ सप्टेंबरला फुल्यांनी पुण्यात सत्यशोधक समाज स्थापन केला.

सुशिक्षित वाचकांकडून या पुस्तकांच्या वाट्याला मुख्यतः चेष्टा आली. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी ‘निबंधमाले’त फुल्यांच्या भाषेची, व्याकरणाची आणि इतिहासकल्पनांची यथेच्छ टर उडवली. शुद्धलेखनाच्या अंगाने पाहिले तर त्यातले काही आक्षेप खरेही होते. पण ज्या वाचकासाठी ही पुस्तके लिहिली होती, त्याला ऱ्हस्वदीर्घाशी कर्तव्य नव्हते, कारण तो बहुतांशी वाचणारा नव्हताच, ऐकणारा होता. माळी, कुणबी, तेली, महार, मांग अशा घरांत अक्षर ओळखणारा माणूस विरळा. त्याच्याभोवती दहावीस जण कोंडाळे करून बसत आणि तो वाचून दाखवी. ‘गुलामगिरी’ जोतीराव आणि धोंडीराव यांच्या संवादात आहे. धोंडीराव शंका काढतो, जोतीराव फोड करून सांगतात, मध्येच एखादा खोचक चिमटा येतो. एकट्याने डोळ्यांनी वाचताना हा संवाद कुठे कुठे लांबट वाटतो, आणि मोठ्याने वाचला की लगेच रंगात येतो. पवाडा तर गाण्यासाठीच होता. तेव्हा या लेखकाला मिळालेल्या प्रतिसादाचा माग पत्रव्यवहारात किंवा मासिकांतील अभिप्रायांत काढून भागत नाही. तो लोकांनी काय केले यात शोधावा लागतो.

मुंबईच्या लोकांनी पहिली गोष्ट केली ती छापखाना देण्याची. त्या काळी शहरात सरकारी इमारती, गोद्या, गिरण्या झपाट्याने उठत होत्या आणि त्यांच्या बांधकामावर निजामाच्या मुलखातून आलेले तेलुगुभाषक कामाठी मोठ्या संख्येने होते. कामाठीपुरा हे नाव त्यांच्यावरूनच पडले. यांच्यातले काही जण कष्टाने वर येऊन मोठे कंत्राटदार झाले होते: रामय्या व्यंकय्या अय्यावारू, व्यंकू बाळाजी काळेवार, जाया कराडी लिंगू. यांची मातृभाषा मराठी नव्हती, तरीही सत्यशोधक विचाराने ही माणसे भारली गेली. पुण्याच्या समाजाला स्वतःचा छापखाना असावा म्हणून त्यांनी बाराशे रुपये खर्चून तो भेट दिला. वाचकांनी लेखकाला थेट छापखानाच द्यावा, असा दुसरा दाखला त्या काळच्या मराठी ग्रंथव्यवहारात सहज सापडत नाही. कंत्राटदारांनीच कंत्राटदाराला ओळखावे, हेही त्यात होतेच.

१ जानेवारी १८७७ रोजी सत्यशोधक समाजाचे कृष्णराव भालेकर यांनी पुण्यात ‘दीनबंधु’ साप्ताहिक सुरू केले. पत्र आर्थिक ओढाताणीत सापडले आणि १८८० मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी ते मुंबईत आणले. लोखंडे काही काळ रेल्वे आणि टपाल खात्यात होते, नंतर गिरणीत स्टोअरकीपर. परळ, लालबाग, वरळी या पट्ट्यात गिरण्यांची धुराडी वाढत होती, आणि सातारा, पुणे, रत्नागिरीकडून आलेला कामकरी तिथे खोलीखोलीत दाटीवाटीने राहत होता. फुल्यांचा विचार या वस्तीत पोचला तो बराचसा ‘दीनबंधु’तून आणि लोखंड्यांच्या सभांतून. २३ सप्टेंबर १८८४ रोजी परळच्या सुपारीबागेत त्यांनी गिरणी कामगारांची सभा भरवली, आणि साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज सरकारच्या कमिशनपुढे ठेवला. आठवड्याची सुट्टी, दुपारची विश्रांती, वेळेवर पगार अशा त्यातल्या मागण्या होत्या. रविवारची सुट्टी १८९० मध्ये पदरात पडली. ज्या वर्गाला उद्देशून फुले लिहीत होते, तो आता सभेला येत होता, अर्जाखाली सही किंवा अंगठा करत होता.

याच लोखंड्यांशी फुल्यांचे एकदा वाजलेही. १८८३ मध्ये फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहून पुरा केला. लिहीत असतानाच त्यातले भाग ते ठिकठिकाणी वाचून दाखवत होते: पुणे, मुंबई, ठाणे, जुन्नर, ओतूर, हडपसर. बडोद्याला महाराज सयाजीराव गायकवाडांनीही ते ऐकले. म्हणजे ग्रंथ पूर्ण होण्याआधीच त्याला श्रोते मिळाले होते, आणि छापणाऱ्यापेक्षा ऐकणारा अधिक धीट निघाला होता. ‘दीनबंधु’ने पहिले दोन भाग छापले आणि पुढे हात आखडता घेतला. सरकारवर आणि भटशाहीवर एकाच वेळी इतका उघड मारा करणारा मजकूर छापणे लोखंड्यांना जड गेले असावे. फुल्यांनी हे मनाला लावून घेतले, आणि आपल्याच लोकांतील छापखानेवाले भेकड असल्याचा शेरा ग्रंथातच मारून ठेवला. संपूर्ण ‘असूड’ त्यांच्या हयातीत छापून निघाला नाही. आज शेतीच्या अर्थकारणावर मराठीत बोलणारा कोणीही या पुस्तकाला वळसा घालून जाऊ शकत नाही. पण त्याचे पहिले आयुष्य गावोगावच्या बैठकांत गेले.

१८८५ मध्ये न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने पुण्यात मराठी ग्रंथकारांची दुसरी सभा भरली. फुल्यांनाही निमंत्रण गेले. त्यांनी जाण्याचे नाकारले आणि नकाराचे कारण पत्राने कळवले. ते ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकात ११ जून १८८५ रोजी छापून आले. ज्यांच्या पुस्तकांत शूद्रातिशूद्रांचे हक्क मान्य नाहीत, त्यांच्या सभेशी आपल्या ग्रंथांचे गोत्र जुळत नाही, असा त्याचा मथितार्थ. ग्रंथकारांच्या सभेत जागा मिळणे ही साध्या लेखकाला मोठी पावती वाटली असती. फुल्यांना ती नको होती, कारण पावती कोणाकडून घ्यायची हे त्यांचे आधीच ठरले होते. त्याच वर्षी आपल्या ‘सत्सार’ या नियतकालिकाच्या दुसऱ्या अंकात त्यांनी स्वतः एका एकाकी लेखिकेची बाजू घेतली. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये ‘स्त्री-पुरुष तुलना’ काढले होते आणि त्यावर चहूकडून टीका झाली होती, सत्यशोधक मंडळींकडूनही. फुल्यांनी टीकाकारांना खडसावले आणि ताराबाईंना उचलून धरले. ताराबाईंनी मात्र पुन्हा पुस्तक लिहिले नाही. एका मोठ्या माणसाची शाबासकी तिथे पुरी पडली नसावी. फुल्यांभोवती जसा छापखाना देणारा आणि सभा भरवणारा गोतावळा उभा राहिला, तसा ताराबाईंना लाभला नाही.

या गोतावळ्याने फुल्यांना दिलेली सर्वांत मोठी पावती मुंबईच्या एका कोळीवाड्यातली आहे. मुंबईच्या बेटांवरचे कोळीवाडे शहराहून जुने. त्यांपैकी वरळीचा कोळीवाडा बेटाच्या उत्तर टोकाला, वरळीच्या किल्ल्याला लागून, अजून उभा आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस हॉर्नबी वेलार्डचा बांध पडून वरळी मुंबईला जोडली गेली, पुढे मागे गिरण्या आल्या, चाळी आल्या, टॉवर आले. तरी होड्या, जाळी आणि वाळत घातलेली मासळी तिथे आजही दिसते. पूर्व किनाऱ्यावरच्या मांडवी कोळीवाड्याचे तसे झाले नाही. मशीद बंदराच्या बाजूला भर टाकून बंदराचा पसारा वाढत गेला. १८८० मध्ये प्रिन्सेस डॉक सुरू झाला, १८८८ मध्ये त्याला लागून व्हिक्टोरिया डॉक. किनारा गोदीच्या भिंतीपलीकडे गेला आणि कोळीवाडा वखारी, गोदामे, हमाल, व्यापारी यांच्या गर्दीत बुडाला. गोदी बांधणारे, गोदीत राबणारे आणि त्यांना कामावर लावणारे, अशा सगळ्यांना सोईची पडणारी ही जागा होती.

११ मे १८८८ रोजी मांडवी कोळीवाड्यातील सभागृहात जोतीरावांचा जाहीर सत्कार झाला. वयाची साठ वर्षे आणि सार्वजनिक कामाची चाळीस वर्षे त्यांनी ओलांडली होती. लोखंडे आणि मुंबईची सत्यशोधक मंडळी सत्काराच्या मागे होती. जमलेल्यांत तेलुगू कामाठी, मराठे, गिरणगावातले लोक होते. रावबहादूर विठ्ठलराव कृष्णाजी वंडेकर यांनी त्या सभेत त्यांना ‘महात्मा’ ही पदवी दिली. विद्यापीठाने नाही, सरकारने नाही, ग्रंथकारांच्या मंडळीनेही नाही. ‘असुडा’वरून झालेली कुरबूर मागे टाकून लोखंडे या सत्काराला होते, हेही ध्यानात घेण्यासारखे आहे. या प्रसंगाशी एक गोष्ट जोडली जाते: फुल्यांना ‘हिंदुस्थानचे बुकर टी. वॉशिंग्टन’ म्हणावे असे सयाजीरावांनी सुचवल्याची. ती जपूनच घ्यावी. वॉशिंग्टन यांचे नाव अमेरिकेबाहेर गाजले ते १८९५ नंतर. १८८८ मध्ये ते बडोद्यात कोणाच्या तोंडी असणे अवघड आहे. ‘गुलामगिरी’ची अर्पणपत्रिका अमेरिकेत गुलामगिरी मोडणाऱ्यांच्या नावे आहे, तिच्यावरून पुढे कोणीतरी हा धागा ओढला असावा.

सत्कारानंतर दोन-तीन महिन्यांतच फुल्यांना पक्षाघाताचा झटका आला आणि उजवे अंग लुळे पडले. ‘सार्वजनिक सत्य धर्म पुस्तक’ त्यांनी डाव्या हाताने लिहून काढले. धंदा बसला होता, औषधपाण्याची ओढ होती. १८९० मध्ये मुंबईच्या मामा परमानंदांनी सयाजीरावांना पत्र लिहून या कुटुंबाला मदत करण्याची विनंती केली. परमानंद प्रार्थनासमाजी, फुल्यांची सगळी मते त्यांना पटत होती असे नाही, पण या माणसाने काय केले आहे याचा हिशेब त्या पत्रात त्यांनी चोख मांडला. २८ नोव्हेंबर १८९० रोजी फुले वारले. शेवटचे पुस्तक दत्तक पुत्र यशवंत यांनी १८९१ मध्ये प्रसिद्ध केले. लोखंडे १८९७ च्या प्लेगात रोग्यांची सेवा करताना गेले आणि मुंबईतला हा वाचकवर्ग काही काळ पोरका झाला.

विसाव्या शतकात त्याला नवा लेखक मिळाला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर परळच्या चाळीत राहिले, त्यांचे ‘मूकनायक’ हे पत्र १९२० मध्ये परळमधूनच निघाले. ‘केसरी’ने त्याची जाहिरात पैसे देऊनही छापली नाही. १९२७ चे त्यांचे दुसरे पत्र, ‘बहिष्कृत भारत’, तर बरेचसे एकहाती होते. अंकाचे चोवीस चोवीस रकाने त्यांनी स्वतः लिहिले. त्याच दशकात वरळीला सरकारच्या मुंबई विकास खात्याच्या (बीडीडीच्या) १२१ चाळी उभ्या राहिल्या, नायगाव, डिलाईल रोड, शिवडीलाही उभ्या राहिल्या, आणि या खोल्यांतून एक वाचतो नि बाकीचे ऐकतात ही जुनी रीत पुन्हा चालू झाली. प्रेम होते, पैसा नव्हता. गिरणीतल्या बदली कामगाराकडून वर्षाची वर्गणी वसूल होणे कठीण. ‘बहिष्कृत भारत’ १९२९ मध्ये बंद पडले. वाचकांच्या जिव्हाळ्यावर पत्र चालत नाही, कागदवाल्याचे बिल भागवावे लागते. ‘दीनबंधु’नेही हेच भोगले होते.

पुस्तकाच्या बाबतीत मात्र १९३६ मध्ये वेगळेच घडले. लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने आपल्या परिषदेचे अध्यक्ष म्हणून आंबेडकरांना बोलावले होते. भाषण मुंबईत लिहून, छापून तयार झाले. वेदांच्या प्रामाण्यावरचा हल्ला आणि आपण हिंदू धर्म सोडणार असल्याचा उल्लेख पाहून मंडळी बिचकली आणि तो भाग गाळावा अशी सूचना आली. स्वल्पविरामही बदलणार नाही, असे आंबेडकरांनी कळवले. परिषद रद्द झाली. हाती राहिले ते एक न केलेले भाषण आणि छापील प्रती. त्यांनी मंडळाशी झालेला सारा पत्रव्यवहार पुढे जोडला, दादरच्या हिंदू कॉलनीतील ‘राजगृह’ या आपल्या घरी १५ मे रोजी प्रस्तावना लिहिली आणि ‘अॅनिहिलेशन ऑफ कास्ट’ हे पुस्तक स्वतःच काढले.

पहिल्या आवृत्तीच्या पंधराशे प्रती दोन महिन्यांत संपल्या. ज्या हिंदू वाचकांसाठी ते मुख्यतः लिहिले होते, त्यांनीच त्याचे थक्क करणारे स्वागत केले, असे आंबेडकरांनी दुसऱ्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत नोंदवले आहे. गुजराती आणि तमिळ भाषांतरे तोवर झाली होती. मराठी, हिंदी, पंजाबी आणि मल्याळम चालू होती. दादरला लिहिलेले पुस्तक मराठीच्या आधी गुजराती आणि तमिळमध्ये पोचले, याची गंमत वाटते. ज्याच्यासाठी भाषण होते तो श्रोता पंजाबातला, म्हणून भाषा इंग्रजी, आणि इंग्रजीमुळे ते एकदम साऱ्या देशापुढे गेले. गांधीजींनी जुलै महिन्यात ‘हरिजन’मध्ये त्यावर लिहिले. मतभेद मांडताना त्यांनी एक अस्सल ग्राहकाची सूचनाही केली: आठ आणे किंमत जास्त आहे, दोन आणे करावी, निदान चार आणे. प्रत्येक सुधारकाने हे वाचले पाहिजे असेही त्यात होते, तेव्हा विरोधकाने केलेली ही शिफारसच म्हणायची. आंबेडकरांनी गांधीजींचे लेख आणि त्यांवरचे आपले उत्तर दुसऱ्या आवृत्तीत परिशिष्ट म्हणून जोडले. ती १९३७ मध्ये निघाली आणि तीही लवकरच संपली. ‘कास्ट्स इन इंडिया’ हा आपला जुना निबंध त्यात मिसळून पुस्तक नव्याने बांधावे असा त्यांचा विचार होता. सवड मिळेना, आणि मागणी थांबेना. १९४४ मध्ये त्यांनी तिसरी आवृत्ती फेरबदल न करता, आहे तशीच छापायला दिली. दोन वर्षांनी ‘हू वेअर द शूद्राज?’ प्रसिद्ध झाले, ते त्यांनी जोतीराव फुले यांना अर्पण केले होते.